निळ्या उजेडाची हूल

माउसच्या पोटातला लाल एलईडी काढून तिथे निळा बसवला की माउस जास्त चांगला चालतो, असं मी बऱ्याच लोकांना छातीठोकपणे सांगितलेलं आहे. त्यातल्या काहींनी माझ्याकडून तसा बदल करून घेतला आणि त्याचे पैसेही दिले. माझं म्हणणं साफ चुकीचं होतं. त्या एका चुकीच्या पोटात आणखी चार-पाच चुका होत्या आणि गंमत म्हणजे प्रत्येकीसाठी तेव्हा माझ्याकडे काही ना काही पुरावा होता. बिनपुराव्याची चूक चटकन उघडी पडते. पुरावा असलेली वर्षानुवर्षं टिकते. म्हणून ही सगळी उठाठेव एकदा नीट सांगून टाकतो.

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. पुण्यातल्या पेठांमधले डीटीपीवाले, कॉम्प्युटरचे क्लास, काही शाळांच्या लॅब ही माझी गिऱ्हाइकं. या धंद्यात माउस दुरुस्त करायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. बिघडला की फेकायचा आणि नवा द्यायचा. मला मात्र उघडून बघायची खोड. रबरी गोळीवाल्या माउसच्या आतल्या रुळांवर चिकटलेला मळ नखाने खरवडण्यात माझी उमेदवारी गेली. त्यामुळे १९९९नंतर लाल उजेडाचे माउस बाजारात आले तेव्हा मला त्यांचं फार अप्रूप वाटलं. आत फिरणारी गोळी नाही, रूळ नाहीत, मळ साठायला जागाच नाही! हा शेवटचा समज पुढे मला चांगलाच महागात पडला.

२००८च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने ‘ब्लूट्रॅक’ नावाचं तंत्र जाहीर केलं. निळ्या उजेडाचा माउस. ग्रॅनाइटवर, गालिच्यावर, लाकडावर, कुठेही चालणारा. पारदर्शक काच आणि आरसा तेवढा वर्ज्य. इकडे माझ्या गिऱ्हाइकांची रडकथा नेमकी हीच होती की सनमायकाच्या गुळगुळीत टेबलावर लाल माउस अडखळतो. मी हिशेब केला : लाल अडखळतो, निळा अडखळत नाही, तेव्हा करामत निळ्या रंगाची. मूळ माउस माझ्या गिऱ्हाइकांच्या खिशाला परवडणारा नव्हता. निळे एलईडी मात्र बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मूठभर मिळत. सोल्डरिंगचं सामान घरचंच होतं.

त्या माउसच्या माहितीत निळ्या एलईडीच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या : रुंद कोनाचं भिंग आणि खास त्यासाठी घडवलेला सेन्सर. त्या मी वाचल्या आणि सोडून दिल्या. भिंग आणि सेन्सर मला बदलता येत नव्हते, एलईडी बदलता येत होता. जे आपल्या हाताने करता येतं तेच महत्त्वाचं असणार, ही समजूत दुरुस्तीवाल्याच्या अंगात फार लवकर मुरते.

आता ऑप्टिकल माउस करतो काय, ते सांगायला हवं, नाहीतर माझ्या चुका कळणार नाहीत. एलईडीचा उजेड प्लॅस्टिकच्या एका वाकड्या भिंगातून तिरपा होऊन टेबलावर पडतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सपाट वाटणाऱ्या अंगणातले खड्डे-उंचवटे जसे सावल्यांमुळे उठून दिसतात, तसे कागदाचे तंतू आणि लाकडाचे रेषे या तिरप्या उजेडात उठून दिसतात. वर बसलेला सेन्सर त्या जागेचे फोटो काढतो. त्या काळातल्या स्वस्त माउसमध्ये सर्रास सापडणारा एजिलंटचा एडीएनएस-२६१० हा सेन्सर घ्या. त्याचं चित्र १८ बाय १८ ठिपक्यांचं, म्हणजे एकूण ३२४ ठिपके. टेबलाचा जेमतेम एक मिलिमीटरचा चौकोन त्यात मावतो. असे फोटो तो सेकंदाला १५०० काढतो, मागच्या फोटोशी पुढचा ताडून पाहतो आणि खुणा किती सरकल्या त्यावरून पॉइंटर हलवतो. हे फोटो काळे-पांढरे असतात. सेन्सरला लाल, निळा, हिरवा यातलं काही कळत नाही. या ठिपक्यावर उजेड कमी आणि त्या ठिपक्यावर जास्त, एवढंच कळतं.

हे शेवटचं वाक्य मला माहीत असतं, तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

पहिला बदल केला तो एका डीटीपीवाल्या काकांच्या माउसमध्ये. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची जुळणी अशी त्यांची कामं. दिवसभर हात माउसवर. माउस उघडला तर भिंगावर एक केस आडवा पडलेला, आणि त्याच्या भोवती कागदाची धूळ जमून तिचा करडा थर झालेला. सवयीने मी स्पिरिटचा बोळा फिरवून भिंग लख्ख केलं. मग लाल एलईडी उपसला, निळ्याचे पाय तसेच वाकवून तो जागेवर बसवला आणि झाकण लावलं. तळातून निळाशार उजेड पडला.

‘‘काका, आता बघा कसा पळतो ते.’’

काकांनी पांढऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर माउस फिरवून पाहिला. ‘‘पळतोय रे खरा. किती झाले?’’

मी पैसे सांगितले आणि घेतले. मी एकाच बैठकीत दोन गोष्टी केल्या होत्या : भिंग पुसलं होतं आणि रंग बदलला होता. गुण आला होता पुसण्याने. श्रेय गेलं रंगाला, कारण तो दिसत होता. भिंग पुसून, तोच लाल एलईडी ठेवून एकदा माउस चालवून बघायचा आणि मग रंगाला हात घालायचा, एवढी साधी शिस्त मी पाळली नाही. शाळेत विज्ञानाच्या प्रयोगवहीत हेच लिहून घेतात. मीही लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते.

काही दिवसांनी काकांचा फोन आला. ‘‘अरे, तुझा तो निळा उंदीर अक्षर पकडायला गेलं की थरथरतो. आणि झटक्यात हात मारला की भलतीकडेच जाऊन बसतो.’’

मी ड्रायव्हरला दोष दिला. मग विंडोजला. मग पॉइंटरचा स्पीड कमी करून दिला. काकांचं टेबल गडद तपकिरी सनमायकाचं होतं. शेवटी त्यावर कोरा कागद ठेवला तेव्हा थरथर थांबली. ‘‘बघा, मी म्हणत नव्हतो? तुमचं टेबलच खराब,’’ असं मी त्यांना सांगितलं. सनमायकावर चालावा म्हणूनच तर निळा बसवला होता, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही आणि काका भिडस्त असल्यामुळे त्यांनीही काढलं नाही.

आत नेमकं काय घडलं होतं, ते मला फार उशिरा कळलं. लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास पेटतो, निळ्याला ३ व्होल्टच्या वर लागतात. यूएसबीतून येतात ५ व्होल्ट. एलईडीच्या वाटेत एक ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर असतो. लालसाठी हिशेब केला तर रेझिस्टरच्या वाट्याला २.७ व्होल्ट उरतात, निळ्याला ३.२ व्होल्ट धरले तर उरतात दीडच. रेझिस्टर तोच ठेवला, तर करंट जवळजवळ निम्म्यावर येतो. मी रेझिस्टर बदललाच नव्हता. त्यात भर म्हणजे सेन्सर सिलिकॉनचा. सिलिकॉनला तांबडा आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड चांगला लागू पडतो. निळ्याकडे जावं तशी त्याची दाद कमी होत जाते. आधीच करंट निम्मा, त्यात ज्याची दाद कमी असा रंग. मी माउसचा उजेड वाढवतोय असं मला वाटत होतं. सेन्सरच्या दृष्टीने मी त्याच्या खोलीतला दिवा मंद करून ठेवला होता.

मग माउस पांढऱ्या कागदावर ठणठणीत कसा चालला? कारण सेन्सर स्वतःच शटरची वेळ कमी-जास्त करतो. उजेड कमी पडला की शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. पांढऱ्या कागदावर एवढ्याने भागतं. गडद टेबलावर भागत नाही, कारण सेकंदाला १५०० फोटो काढायचे तर एका फोटोला सेकंदाचा पंधराशेवा भागच मिळणार. त्यापेक्षा जास्त वेळ शटर उघडं ठेवणार कुठून? मग फोटो काळपट येतो, त्यात धरायला खुणा उरत नाहीत आणि पॉइंटर जागच्या जागी थरथरतो. झटक्याचंही तसंच. या सेन्सरची मर्यादा सेकंदाला १२ इंचांची. त्या वेगाला दोन फोटोंमध्ये चित्र सुमारे तीन ठिपके सरकतं. चित्र मुळातच अंधुक असेल तर सेन्सरचा ताळमेळ चुकतो आणि पॉइंटर भलतीकडे जातो.

एलईडी घेतानाही मी अशीच चूक केली होती. दुकानात मी सर्वांत झगझगीत निळा मागितला होता. दुकानदाराने पाकिटावरचा मिलिकँडेलाचा आकडा दाखवला, आकडा मोठा होता, मी खूश झालो. पण कँडेला हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. ज्या रंगाला आपला डोळा जास्त दाद देतो त्याला त्यात जास्त वजन. इन्फ्रारेड एलईडी कितीही ताकदीचा असला, तरी या मापात त्याची किंमत जवळपास शून्य. सेन्सरला काय मिळणार, याचा त्या आकड्यावरून काहीच अंदाज येत नाही. शिवाय मूळ लाल एलईडीचा झोत मोजून-मापून अरुंद ठेवलेला, त्याचा घुमट खालच्या भिंगाला जुळणारा. माझ्या निळ्याचा झोत चौफेर पसरट. अर्धा उजेड भिंगात शिरण्याऐवजी माउसच्या कवचातच फिरत राहायचा. कवच सुंदर दिसायचं, टेबलावर उजेड तोकडा पडायचा.

इथवर मी थांबलो असतो. पण तेवढ्यात निळ्याच्या बाजूने एक जबरदस्त पुरावा माझ्या हाती आला. एका क्लासमध्ये एका पतपेढीने भेट दिलेले माउस पॅड होते. गुळगुळीत, चकचकीत, पांढऱ्यावर लाल रंगात बारीक नक्षी छापलेली. त्यांच्यावर लाल माउस वरचेवर अडखळत आणि माझे निळे चालत. क्लासच्या मॅडम म्हणाल्या, ‘‘तुमचं खरं आहे हो, निळेच करून द्या सगळे.’’ मी करून दिले. आणि मग कुणी शंका काढली की मी या पॅडांचं उदाहरण तोंडावर फेकायचो.

उदाहरण खरंच होतं. मी त्यातून काढलेला अर्थ चुकीचा होता. पॅड गुळगुळीत असल्यामुळे सावल्या पाडायला तिथे उंचसखल काही नव्हतं. धरायला होती ती फक्त छापील नक्षी. लाल उजेडात लाल शाई आणि पांढरा कागद दोन्ही सारखेच उजळ दिसतात, म्हणजे सेन्सरपुरती नक्षी पुसली जाते. निळा उजेड लाल शाईत शोषला जातो, म्हणून तीच नक्षी त्याला काळीभोर दिसते. पॅडवरची नक्षी निळ्या शाईची असती, तर नेमकं उलटं घडलं असतं आणि लाल माउस जिंकला असता. म्हणजे त्या एका पॅडसाठी निळा योग्य होता आणि मी त्याचा नियम करून टाकला.

पृष्ठभागाचा रंग आणि उजेडाचा रंग यांचं हे नातं काही मी शोधलेलं नाही. १९८०च्या सुमारास स्टीव्ह कर्श यांनी जो ऑप्टिकल माउस बनवला, त्यात हीच युक्ती होती. त्याला स्वतःचं खास पॅड लागायचं. त्यावर उभ्या-आडव्या रेषा दोन वेगळ्या रंगांत. माउसमध्ये दोन दिवे, एक लाल आणि एक इन्फ्रारेड. एका रंगाच्या रेषा एका उजेडात उठून दिसत, दुसऱ्या रंगाच्या दुसऱ्या. त्यावरून माउसला उभी हालचाल कोणती आणि आडवी कोणती ते कळायचं. पॅड आडवं ठेवलं की दिशांची अदलाबदल! तिथे रंगाला खरोखर काम होतं, कारण शाई, दिवे आणि सेन्सर एकाच माणसाने एकमेकांना धरून ठरवले होते. मी त्या तिघांतला एकच बदलून चमत्काराची वाट बघत होतो.

यानंतर वायरलेस माउसवर हात टाकला. त्या माउसमध्ये एलईडीला थेट दोन सेलवरून करंट होता. नव्या सेलचे दोन मिळून ३ व्होल्ट. निळा एलईडी मिणमिणता पेटला. गिऱ्हाईक रिचार्जेबल सेल वापरणारं निघालं. त्या सेलचे प्रत्येकी १.२, म्हणजे दोन मिळून २.४ व्होल्ट. निळा पेटलाच नाही. मी त्याला सांगितलं, ‘‘रिचार्जेबल सेल या माउसला चालत नाहीत, साधे टाका.’’ तो बिचारा साधे सेल विकत घेत राहिला आणि ते भराभर संपतात म्हणून माउस बनवणाऱ्याला नावं ठेवत राहिला. लाल एलईडी होता तेव्हा तोच माउस त्याच रिचार्जेबल सेलवर सुरळीत चालत होता.

आणि उंचीची चूक वेगळीच. माउसच्या तळाचे स्क्रू गुळगुळीत पट्ट्यांखाली दडलेले असतात. उघडताना त्या पट्ट्या फाटायच्या. मी त्यांच्या जागी दुहेरी चिकटपट्टी लावून वर जाडसर प्लॅस्टिक डकवायचो. माउस छान सरकायचा. पण या सेन्सरच्या भिंगापासून टेबलापर्यंतचं अंतर २.४ मिलिमीटरच्या आसपास राहावं लागतं आणि इकडे-तिकडे सूट मिळते ती एक दशांश मिलिमीटरची. माझी चिकटपट्टीच त्याहून जाड होती. चित्र धूसर व्हायचं आणि दोष मी टेबलावर ढकलायचो.

सर्वांत लाजिरवाणा प्रकार एका निवृत्त मास्तरांच्या बाबतीत झाला. त्यांच्या वायरलेस माउसचं बटन एकदा दाबलं तर दोनदा दाबल्यासारखं होत होतं. मी माउस उलटा केला. तळाला उजेड नाही. ‘‘सर, हा गेला. दिवाच लागत नाही.’’ त्यांना नवा माउस दिला, जुना भंगाराच्या खोक्यात टाकला. पुढे कधीतरी त्याच खोक्यातला तो माउस सेल घालून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला, तर पडद्यावर तळातून फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसला. एलईडी इन्फ्रारेड होता. माझ्या डोळ्याला न दिसणारा. कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसणारा. माउस उत्तम चालत होता, बिघाड होता तो फक्त बटनाच्या स्विचमध्ये, आणि तो तर मी रोज बदलतो.

मी सरांना फोन करून सांगितलं. ते रागावले नाहीत. ‘‘मग तू चालवून न बघताच कसं सांगितलंस, गेला म्हणून?’’ एवढंच त्यांनी विचारलं. यावर देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझ्या सगळ्या चुकांचं मूळ त्या प्रश्नात होतं. सेन्सरला काय दिसतं हे ठरवायला मी माझाच डोळा वापरत होतो. मला निळा झगझगीत दिसला म्हणून तो जोरदार ठरला. मला इन्फ्रारेड दिसला नाही म्हणून माउस मेला.

त्या दिवसांत मी जुन्या माउसमधून एक एडीएनएस-२६१० काढला आणि आर्डुइनो या प्रयोगांसाठी वापरतात त्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडला. या सेन्सरच्या आतली माहिती बाहेर वाचता येते : शटर किती वेळ उघडं आहे, सर्वांत उजळ आणि सर्वांत काळा ठिपका किती, चित्रात धरण्यासारख्या खुणा किती, आणि प्रत्यक्ष चित्रसुद्धा, ठिपक्यागणिक. एका फोटोतून एकच ठिपका वाचता येतो, तेव्हा ३२४ ठिपक्यांचं एक चित्र मिळवायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो आणि तेवढा वेळ माउस हलवायचा नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मी ते करड्या चौकोनांत मांडलं.

कोऱ्या कागदाचं चित्र बघून मी थक्क झालो. आपल्याला जो कागद सपाट पांढरा दिसतो, त्यात सेन्सरला आडवे-तिडवे तंतू, उंचवटे, सावल्या असं सगळं दिसत होतं. लाल एलईडी काढून निळा लावला. चित्र जवळजवळ तेच. फरक एवढाच की शटरचा आकडा चांगलाच वर चढला. म्हणजे तेच काम सेन्सर आता जास्त धडपडून करत होता. मग काकांच्या टेबलासारखा तपकिरी सनमायकाचा तुकडा खाली ठेवला. लाल उजेडात पुसट, पण खुणा होत्या. निळ्यात शटर टोकाला जाऊन थांबलं आणि पडद्यावर एकसारखा काळसर चौकोन उरला. मी बोट सनमायकाकडे दाखवत होतो. दोष मी स्वतः जोडलेल्या दिव्यात होता. शेवटी भिंगावर मुद्दाम एक केस ठेवला. तो प्रत्येक चित्रात तिथल्या तिथे, न हलता दिसत राहिला. टेबलावरच्या खुणा सरकतात आणि केस सरकत नाही, तेव्हा सेन्सरने विश्वास कशावर ठेवायचा? मळ साठायला जागाच नाही, या माझ्या जुन्या समजुतीचं उत्तर तिथे होतं.

त्यानंतर मी मुकाट्याने त्या सेन्सरची डेटाशीट, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक, वाचायला बसलो. सेन्सरसोबत कुठला एलईडी वापरायचा, ते त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं : ६३९ नॅनोमीटरचा लाल. भिंगाचा भाग कोणता, अंतर किती, रेझिस्टर कसा निवडायचा, सगळं तिथे होतं. लाल निवडण्यात सौंदर्यदृष्टी वगैरे काही नव्हती. लाल एलईडी स्वस्त, कमी व्होल्टवर पेटणारा आणि सिलिकॉनला मानवणारा. झगझगीत निळा एलईडी तर १९९३मध्ये शुजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत तयार केला. निळ्या एलईडीच्या कामासाठी २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आकासाकी, आमानो यांना मिळालं. १९९९मध्ये माउसात घालण्याइतका तो स्वस्तही नव्हता.

मग रंगाला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती बनवणाऱ्याच्या टेबलावर. २००४मध्ये लॉजिटेकने एमएक्स-१००० हा लेझर माउस आणला, त्यातला उजेड डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड होता. २००९मध्ये त्यांनीच ‘डार्कफील्ड’ आणलं, जे किमान चार मिलिमीटर जाडीच्या काचेवरही चालतं. त्यातली खुबी रंगात नाही, काचेवरच्या बारीक ओरखड्यांनी आणि धुळीने विखुरलेला उजेडच तेवढा टिपण्यात आहे. आज गेम खेळणारी पोरं ज्या माउससाठी भरपूर पैसे मोजतात, त्यातले पिक्सआर्टच्या पीएमडब्ल्यू-३३६०सारखे सेन्सर इन्फ्रारेड एलईडीवर चालतात. आणि त्याच माउसच्या कुशीत जे सप्तरंगी दिवे फिरत असतात ते निव्वळ शोभेचे. पॉइंटर हलवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

चूक कळल्यावर मी जमेल तेवढ्या गिऱ्हाइकांना बोलावून लाल एलईडी परत बसवून दिले, फुकट. काकांचं टेबल खराब नव्हतं, हेही त्यांना सांगितलं. रिचार्जेबल सेलवाल्याला जाऊन भेटलो. क्लासच्या मॅडमनी मात्र निळेच राहू द्या म्हणून सांगितलं. मुलांना आवडतात म्हणाल्या, आणि त्या लाल नक्षीच्या पॅडांवर ते चालतही होते. काही गिऱ्हाइकं परत भेटलीच नाहीत. त्यांच्या माउसचं काय झालं असेल ते सांगायला नको.

आता माझ्याकडे कुणी अडखळणारा माउस घेऊन आलं, तर मी आधी त्याच्याकडून तो चालवून घेतो, त्याच्याच टेबलावर. मग इअरबडने तळाचं भोक आणि भिंग पुसतो. तळाच्या पट्ट्या झिजल्यात का ते बघतो. खाली कोरा कागद ठेवून फरक पडतो का ते बघतो. पडला, तर साधं, न चकाकणारं, एकसारखी नक्षी नसलेलं पॅड घ्यायला सांगतो. उजेड दिसत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघतो. बहुतेक तक्रारी एवढ्यावरच मिटतात आणि सोल्डरिंग गन तापवायची वेळच येत नाही. तुम्हीही घरी हेच करा. यातल्या एकाही गोष्टीला माझ्यासारख्याची गरज नाही. आणि ‘निळ्या उजेडाचा आहे, म्हणून महाग’ असं सांगून कुणी माउस विकायला लागलं, तर रंगाची चर्चा करत बसू नका. तुमच्या टेबलावर दोन मिनिटं फिरवून बघा. चालला तर घ्या, नाही तर परत द्या.